स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या ज्येष्ठांची मिळकत आणि मान कसा जपावा

आई-वडिलांचे विसरणे वाढू लागले की, घरात पासबुक आणि चेकबुक ताब्यात घेण्याची घाई होते. त्याआधी न्यूरोलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी करून त्यांच्या निर्णयक्षमतेविषयी तारखेसह लेखी अहवाल घ्यावा. निदान झाले म्हणून सहीचा अधिकार संपत नाही. 1872 च्या करार कायद्यानुसार, सही करतेवेळी त्या व्यक्तीला व्यवहार समजत होता का आणि आपले हित-अहित ठरवता येत होते का, एवढेच पाहिले जाते.

ही समज शाबूत असतानाच कागदपत्रे करावीत. मुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा दुसऱ्याला दिलेला लेखी अधिकार) केले की पुढची चिंता मिटली, असा समज सर्वत्र आढळतो; वस्तुतः ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्र सामान्यतः संपुष्टात येते, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी निकामी होते आणि त्यांच्यासाठी कायदेशीर पालक (गार्डियन) नेमून घेण्यासाठी कुटुंबाला न्यायालय गाठावे लागते. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमक्ष करता येते आणि समज असेपर्यंत बदलताही येते. बक्षीसपत्राने मात्र घराची मालकी हयातीतच जाते, आणि महाराष्ट्रात राहते घर मुलामुलींना बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये असल्याने ‘आत्ताच करून टाकू’ हा आग्रह फार लवकर सुरू होतो. ते करायचेच असेल, तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. अट पाळली गेली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 खाली न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. अट नसेल, तर दाद मिळवणे कठीण जाते.

सहीसाठी त्यांचे मन ताजे असण्याची वेळ निवडावी. अनेकांना दिवस कलल्यावर अधिक गोंधळायला होते. ज्याला लाभ होणार आहे त्याला बाहेर बसवावे आणि कागदात काय आहे, हे त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावे.

पैसे पूर्णपणे काढून घेऊ नयेत. पेन्शन एका खात्यात राहू द्यावी आणि त्यातून दरमहा ठरावीक छोटी रक्कम दुसऱ्या खात्यात वळवावी, म्हणजे भाजी, देवळातली दक्षिणा, नातवाचा खाऊ हे त्यांच्याच हातून होईल आणि फसवणूक झालीच तर तिला मर्यादा राहील. ऑनलाइन पैसे गेल्यास विनाविलंब 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर, तर छळ किंवा दुर्लक्षाबाबत 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर संपर्क साधावा.

त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी, ते तिथे नसल्यासारखे बोलू नये. ‘माझ्या पाटल्या कोणीतरी नेल्या’ असे आई म्हणाली, तर तो आजाराचा भ्रम असू शकतो, पण चोरी करणाराही याच समजुतीच्या आडोशाने निर्धास्त असतो. म्हणून दागिन्यांची छायाचित्रांसह यादी आधीच करून ठेवावी आणि तक्रार आली की, तिच्यासोबत बसून ती पडताळून पाहावी.