मोरीचं पाणी बागेत वळवण्याआधी

पाइप, बेंड, सोल्युशन प्लंबर आणतोच, त्यावर बोलत नाही. सामानाच्या यादीत सगळ्यात वर लिहा: थ्री-वे व्हॉल्व्ह. पाणी हवं तेव्हा बागेकडे, नको तेव्हा थेट ड्रेनेजच्या चेंबरकडे. आमच्याकडे मागच्या खेपेला तो राहिला. जुलैत झड लागली, जमीन आधीच तुडुंब, त्यात घरातल्या सगळ्या अंघोळींचं पाणी. उभी पपई मुळातून कुजली.

मग पाणी मोजा. सरकारी मानकात माणशी दिवसाला 135 लिटर धरलेत, त्यातले 55 अंघोळीचे, 20 कपड्यांचे. म्हणजे चौघांच्या घरात रोज 300 लिटर. एवढं पाणी चार कुंड्या पिणार नाहीत. पुण्यात बऱ्याच ठिकाणी दोन-तीन फुटांवर मुरूम नाहीतर काळा पाषाण लागतो, तिथे ते मुरतही नाही. जास्तीचं जायला वाट हवी, म्हणजे पुन्हा व्हॉल्व्हच.

संडासाचं पाणी नाही, हे सांगायला नको. स्वयंपाकघरातल्या सिंकचंही यात घेऊ नका. तेल आणि खरकटं गाळणीत बसतं नि दोन दिवसांत घाण सुटते. बाळाचे लंगोट धुतलेत, केसांना डाय लावलाय, बाथरूमला ॲसिड टाकलंय? त्या दिवशी व्हॉल्व्ह ड्रेनेजकडे. घरातल्या प्रत्येकाला, धुण्याच्या मावशींनासुद्धा, तो फिरवून दाखवा. आणि तो हाताशी बसवा, डक्टमध्ये नको. तिथे पावसात कोण उतरणार?

गाळणीसाठी आधी केसांची जाळी, मग ड्रममध्ये खाली जाड खडी, वर बारीक खडी, त्यावर वाळू. जाळी दर आठवड्याला साफ. पुढे कर्दळीचा वाफा असेल तर उत्तम, कर्दळ असं पाणी आनंदाने पिते. धुण्याची पावडर कमीत कमी वापरा. तिच्यातल्या सोडियमने काळी माती दगडासारखी आवळते आणि पाणी वरच्या वर तुंबतं.

साठवण नकोच. चोवीस तासांच्या आत पाणी वापरा, नाहीतर सडतं. ड्रमला घट्ट झाकण ठेवा, उघड्या पाण्यात डास होतात.

फ्लशला वापरायचं तर बादलीने ओता, सोपं पडतं. पाइपच टाकायचा असेल तर वेगळ्या रंगाचा, आणि पिण्याच्या लाइनला कुठेही जोड नको. नळ गेला की रिकामी लाइन हे घाण पाणी उलटं ओढते. यात अजिबात सूट नाही.

झाडांना मुळाशी द्या, फवारू नका. केळी, नारळ, जास्वंद चालेल. कोथिंबीर, पालक, मुळा नाही. मधूनमधून साधं पाणी.

प्लंबरला पैसे देण्याआधी बादलीभर पाणी ओतून व्हॉल्व्ह दोन्हीकडे फिरवून बघा. जूनच्या आधी.