थंडी सरली की बागेत काय करायचं, आणि कशाची घाई करायची नाही

थंडी ओसरली, सकाळचं ऊन जरा उबदार लागायला लागलं, आणि गुलाबाच्या काडीवर ते लालसर टोक दिसलं की हात शिवशिवायला लागतात. एका सुट्टीत सगळं उरकून टाकावं, छाटणी पण, कुंड्या बदलणं पण, खत पण, बिया पण, असं वाटतं, मला तर दर वर्षी वाटतं. पण वसंतातली कामं एका दिवसात उरकायची नसतातच, ती एकामागून एक येतात, सहा-आठ आठवडे चालतात, आणि कुठलं काम कधी करायचं हे तारीख बघून नाही तर माती आणि झाड बघून ठरवायचं. एकाच बागेत भिंतीच्या आडोशाचा कोपरा लवकर गरम होतो आणि झाडाखालची सावलीतली जागा अजून गारठलेलीच असते, मग दोन्हीकडे एकाच दिवशी एकच काम करून कसं चालेल.

तर सुरुवात मातीपासून. आपल्याकडे शेतकऱ्यांचा एक फार नेमका शब्द आहे, वाफसा. म्हणजे जास्तीचं पाणी खाली उतरून गेलंय, ओल आहे पण चिखल नाही, आणि कणांमध्ये हवा खेळायला लागली आहे अशी अवस्था. बघायचं कसं, तर वाफ्यात वीतभर खालची मूठभर माती काढा, मुठीत दाबा आणि मग अंगठ्याने त्या गोळ्याला हलकंच ढकला. गोळा भुसभुशीत फुटला तर वाफसा आलाय, कामाला लागा. फुटायच्या ऐवजी अंगठ्याचा ठसा उमटला आणि बोटं माखली तर आणखी चार दिवस थांबा, वाफ्यात पाय पण ठेवू नका. हे मी इतकं ठासून सांगते कारण एका वर्षी मी ओल्या मातीत कुदळ घातली होती, चिकणमाती होती, त्या दिवशी छान वाटलं पण पंधरा दिवसांनी विटांसारखी ढेकळं झाली आणि त्या वाफ्यातल्या मुळ्या पूर्ण सीझनभर नीट धरल्याच नाहीत. ओली माती तुडवली की कणांमधल्या पोकळ्या दाबल्या जातात, त्यातली हवा जाते, आणि ते नुकसान खत घालून भरून येत नाही.

आणि दर वर्षी वाफा पूर्ण खणायची गरज नसते हे पण लक्षात ठेवा. वरची ५ ते ७ सेंमी माती खुरप्याने मोकळी करायची, त्यावर चांगलं कुजलेलं कंपोस्ट नाहीतर शेणखत ३ ते ५ सेंमी जाडीचं पसरायचं आणि सोडून द्यायचं, गांडुळं ते खाली नेतात. ताजं शेण मात्र घालू नका, त्याने कोवळी मुळं करपतात.

तण काढायला याच्याइतकी चांगली वेळ वर्षात नाही. आत्ता ते लहान आहे, मूळ उथळ आहे आणि बी धरलेलं नाही. साधं वर्षायू (एका हंगामात संपणारं) तण असेल तर कोरड्या दिवशी खुरप्याने वरच्यावर कापून तिथेच पडू द्या, दुपारपर्यंत वाळून जातं. हरळी आणि लव्हाळा यांचं मात्र तसं नाही, हरळीचा तुकडा राहिला की परत फुटते आणि लव्हाळा ओढला की वरची पात हातात येते आणि गाठ खालीच राहते. तिथे कंटाळा न करता खाली हात घालून गाठीसकट काढायचं.

वाळकी पानं, गेल्या सीझनच्या पोकळ काड्या हे सगळं एकदम झाडून साफ करायची घाई करू नका. त्या काड्यांमध्ये आणि पाचोळ्याखाली ढालकिडे (लेडीबर्ड), छोट्या मधमाश्या थंडीभर बसलेल्या असतात. दिवसाचं तापमान सलग आठवडाभर १० अंशांच्या वर राहिलं की मग काढा. अपवाद रोगट पानांचा, गुलाबाखाली काळे ठिपके असलेली पानं पडली असतील तर ती आधीच उचला आणि कंपोस्टमध्ये टाकू नका.

आता छाटणी, जिथे सगळ्यात जास्त चुका होतात. सिकेटर (छाटणीची कात्री) हातात घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, या झाडाला फुलं नव्या फुटव्यावर येतात की गेल्या वर्षीच्या फांदीवर? गुलाब (हंगामात एकदाच फुलणारे वेल सोडून), जास्वंद, मोगरा, यांना नव्या फुटव्यावर येतात, म्हणून डोळे (फांदीवरचे कोंब) फुगायला लागले की छाटायचं, जितके नवे फुटवे तितकी फुलं. पण अझेलिया, लायलॅक, फॉर्सिथिया अशी जी झाडं वसंतातच फुलतात त्यांच्या कळ्या गेल्या वर्षीच तयार होऊन बसलेल्या असतात, आत्ता छाटलीत तर या वर्षीची फुलंच कापलीत. त्यांची छाटणी फुलं संपल्यावर लगेच. मोठ्या गोल गुच्छाच्या हायड्रेंजियाचं पण तसंच, त्याचा आत्ता फक्त वाळका गुच्छ आणि मेलेल्या काड्या काढायच्या, खाली टपोऱ्या कळ्यांची जोडी दिसते तिच्या वरून कापायचं.

गुलाबाची एक काडी समोर धरून सांगते. आधी ती जिवंत आहे का बघा, नखाने साल जराशी खरवडा, आत हिरवं ओलसर दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर मेलेली, मग हिरवं लागेपर्यंत खाली खाली येत कापायचं. आता डोळे शोधा, पान पडून गेल्याची बारीक रेघ असते आणि तिच्या वर तो लालसर फुगवटा. त्यातला झुडपाच्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा निवडा, कारण फांदी त्याच दिशेला जाणार आणि आपल्याला झुडूप मधून मोकळं हवंय. त्या डोळ्याच्या साधारण ५ मिमी वर, डोळ्याच्या उलट बाजूला उतरता असा तिरका काप द्या. खूप वर कापलं तर तो खुंट वाळतो आणि वाळणं खाली उतरत जातं, अगदी चिकटून कापलं तर डोळाच सुकतो. काप घेतल्यावर मधला गाभा बघा, पांढराशुभ्र हवा, तपकिरी दिसला तर आणखी एक डोळा खाली या. मग एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांमधली एक काढा, पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या काढा. कलमाच्या जोडाखालून आलेला फुटवा असेल तर तो माती बाजूला करून मुळाशी जिथून निघालाय तिथूनच ओढून काढायचा, वरून कापला तर परत येतो.

सिकेटर धारदार हवी, बोथट पात्याने काडी चिरडते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना ७० टक्के अल्कोहोल लावलेल्या कापडाने पातं पुसायचं, रोगट झाड असेल तर प्रत्येक कापानंतर. कापलेल्या जागेवर रंग, पेस्ट वगैरे काही लावायची गरज नाही, झाड स्वतः ती जखम बंद करतं.

कुंड्यांकडे वळू. कुंडी बदलायची की नाही हे झाडच सांगतं, खालच्या भोकातून मुळं डोकावतात, पाणी घातलं की लगेच खालून निघून जातं, आणि सकाळी पाणी घालून संध्याकाळी झाड परत मलूल. अशी कुंडी आदल्या दिवशी भिजवून ठेवा, दुसऱ्या दिवशी आडवी करून कडेने थोपटा, झाड मुळांच्या गोळ्यासकट बाहेर येतं. ते बघण्यासारखं असतं खरंच, पांढरी मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल फिरलेली, तळाशी तर नुसती चटई. असंच नव्या कुंडीत ठेवलं तर ती तशीच गोल फिरत राहतात, बाहेरच्या मातीत जातच नाहीत. म्हणून बोटांनी कडेची मुळं मोकळी करा, फारच घट्ट असेल तर धारदार सुरीने चार बाजूंनी उभे काप द्या आणि तळाची चटई कापून टाका. जीवावर येतं पण याच दिवसांत झाड ते सहन करतं, वाढीचा जोर आत्ताच असतो. काळी, मऊ, वास येणारी मुळं दिसली तर ती सगळी काढायची.

नवी कुंडी जुनीपेक्षा फक्त २ ते ५ सेंमी जास्त रुंद घ्या. एकदम मोठी घेतली की मुळं नसलेल्या जागेतली माती दिवसचे दिवस ओली राहते आणि मुळं कुजतात. आणि तळाशी खडी, विटांचे तुकडे घातल्याने निचरा सुधारतो हे खरं नाही. भिजवलेला स्पंज आडवा धरा, थेंब पडायचे थांबू द्या आणि मग तोच स्पंज उभा करा, परत पाणी गळायला लागतं. म्हणजे उंची जास्त तितका निचरा जास्त, आणि खडी घालून तुम्ही मातीची उंची कमी करता, तळाशी साचून राहणारी ओल आणखी वर मुळांजवळ येते. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे. माती मात्र नुसती बागेतली भरू नका, कुंडीत ती दगडासारखी घट्ट होते, कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून हलकी करा. वर २-३ सेंमी जागा पाण्यासाठी रिकामी ठेवा, झाड आधी जितकं खोल होतं तितकंच ठेवा, भरपूर पाणी घाला आणि आठवडाभर कडक उन्हात ठेवू नका. खत ३-४ आठवड्यांनी. जी कुंडी उचलता पण येत नाही तिची वरची ३-५ सेंमी जुनी माती काढून तिथे कंपोस्ट भरलं तरी त्या वर्षापुरतं भागतं.

खताचं थोडक्यात सांगते. नवीन पालवी दिसल्याशिवाय खत नाही, माती गार असताना मुळं ते घेतच नाहीत. कधी कधी कोवळ्या रोपांची पानं जांभळट दिसतात आणि आपण घाबरून खत ओततो, पण गार मातीतून फॉस्फरस नीट उचलला जात नाही म्हणून तसं होतं, ऊब आली की बहुतेक वेळा आपोआप हिरवी होतात. नायट्रोजन जास्त झालं की पानं माजतात, फुलं कमी येतात आणि त्या लुसलुशीत शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) तुटून पडतो.

मावा येणारच, वसंतातला पहिला पाहुणा तोच. दोन दिवसांआड शेंडे आणि पानांची खालची बाजू बघत चला. थोडा असेल तर पाण्याचा जोरदार फवारा मारून पाडा, पडलेला मावा सहसा परत वर चढत नाही. त्याने नाही आटोपलं तर १ लिटर पाण्यात ५ मिली सौम्य लिक्विड साबण, आधी दोन-तीन पानांवर मारून एक दिवस वाट बघायची आणि मग संध्याकाळी पानांच्या खालून मारायचं, उमललेल्या फुलांवर अजिबात नाही कारण तिथे मधमाश्या येतात. आणि माव्याच्या गर्दीत एखादी काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी दिसणारी अळी फिरताना दिसली तर तिला मारू नका! ती ढालकिड्याची अळी आहे, तीच मावा फस्त करते, तिथे फवारणीच करू नका.

आच्छादन (मल्चिंग) माती उबदार झाल्यावरच. गार मातीवर घातलं तर ती गारच राहते. वाळलेली पानं, पेंढा, सालीचे तुकडे, काहीही चालतं, ५ ते ८ सेंमी जाड, फक्त खोडापासून चार बोटं लांब ठेवायचं, खोडाला टेकवून ढीग केला की साल कुजते.

बियांचं गणित पूर्ण तापमानाचं आहे. सकाळच्या वेळी १० सेंमी खोल थर्मामीटर खुपसून ३-४ दिवस सलग बघा. ७ ते १० अंशांवर वाटाणा, पालक, मुळा निघतात. टोमॅटो, मिरची, काकडी यांना किमान १६, आणि १८ च्या पुढे गेलं तर फारच छान, गार मातीत टाकलेलं मिरचीचं बी तसंच पडून कुजतं. जुनं बी असेल तर १० बिया ओल्या कागदात गुंडाळून उबदार जागी ठेवा, ७ किंवा जास्त उगवल्या तर बिनधास्त पेरा, ४-५ च उगवल्या तर दाट पेरा. खोली बियांच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, लेट्यूससारखं बारीक बी मात्र नुसतं दाबून ठेवायचं, त्याला उजेड लागतो. सीडलिंग ट्रेला पाणी खालून द्या, ताटलीत पाणी ओतून अर्ध्या तासाने उरलेलं काढून टाका. वरून सतत ओलं आणि हवा कोंडलेली असली की रोपाचं देठ मातीलगत दोऱ्यासारखं बारीक होतं आणि रोप आडवं पडतं, एकदा पडलेलं रोप परत उठत नाही. लांबुडकी, फिकट, खिडकीकडे वाकलेली रोपं म्हणजे उजेड कमी पडतोय, पाणी कमी नाही.

घरात वाढवलेली रोपं एकदम बाहेर लावू नका. त्यांनी वारा पाहिलेला नसतो, थेट ऊन पाहिलेलं नसतं, पहिल्याच दिवशी पानं पांढरी पडून करपतात. ७ ते १० दिवस सवय लावायची, पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग दोन तास, मग सकाळचं कोवळं ऊन, असं वाढवत शेवटच्या दोन रात्री बाहेरच ठेवायची. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल अशा रात्री गारठा सगळ्यात जास्त उतरतो, रोपांवर जुनी चादर जमिनीपर्यंत टेकेल अशी टाका म्हणजे मातीची ऊब आत राहते, आणि सकाळी ऊन आलं की आठवणीने काढा. लावणी संध्याकाळी करा, खड्ड्यात आधी पाणी, मग रोप, मग माती हलक्या हाताने दाबून परत पाणी, आणि काठी लागणार असेल तर ती त्याच वेळी खोचून टाका, नंतर खोचली तर तिने मुळं तुटतात.