पहिलं शिंगरू जगलं म्हणून भुलू नका

घोडीपोटी खेचर काढायला निघालात, तर पहिलं शिंगरू बहुधा धडधाकट येईल. तासाभरात उभं राहील, लुचेल, आठवड्यात दावणीभोवती उड्या मारील. मग तीच घोडी पुन्हा नर गाढवाकडून फळवली जाते. दुसरं किंवा तिसरं शिंगरू तितकंच धडधाकट जन्मतं आणि कधी कधी तिसऱ्या दिवशी मरतं. गावात कुणी दृष्ट म्हणतं, कुणी नाळ पिकली म्हणतं. कारण आईच्या चिकात, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधात असतं. तिकडे येतोच, आधी नराचं उरकून घेऊ.

जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजारात किंवा मढीच्या यात्रेत दात पाहून दुवान-चौवान (दोन दाती की चार दाती) सांगणारे पुष्कळ भेटतील. काठेवाडी नर उंचीला बरा, म्हणून भावही चढा. पण पैदाशीचा नर घेताना दात नि उंचीच्या आधी एकच विचारा: हा वाढला कुणात? गाढविणींत वाढलेला नर घोडीकडे ढुंकून बघत नाही. म्हणून सहा महिन्यांचं, नुकतंच दूध तुटलेलं नर पिल्लू घ्या, घोडीच्या शिंगरांत वाढवा आणि गाढवीण त्याच्या नजरेला पडू देऊ नका. तीन वर्षांचा होईपर्यंत घोडीवर सोडू नका. तयार नर स्वस्तात मिळतोय म्हणून उचलणारे वर्षभर चारा घालतात आणि मग त्याच बाजारात तो तोट्यात विकतात.

घोडी दर 21 दिवसांनी माजावर येते, माज पाच-सात दिवस टिकतो. तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड दाखवा. नवख्याचा धीर सुटतो तो इथं. गाढव लांब जाऊन उभं राहतं, लीद हुंगतं, वरचा ओठ दुमडतं, भलतीकडेच बघत राहतं. अर्धा तास जाणं अगदी नेहमीचं. काठी उगारलीत की तो दिवस गेलाच, पुढचे चारही जातात. नर बुटका असेल तर घोडीचे मागचे पाय वीतभर खोल खड्ड्यात उभे करा, त्याच्याखाली ओटा बांधत बसू नका. फळल्यापासून साडेअकरा महिने धरा, दोन-तीन आठवडे इकडे-तिकडे.

आता चिकाचं. हे दोनदा वाचलंत तरी चालेल.

गाढवाच्या तांबड्या पेशींवर एक खूण असते, जी घोड्यांच्या पेशींवर नसतेच. खेचराला ती बापाकडून मिळते, आणि एखाद्याला नव्हे, प्रत्येकाला. पहिल्या वेताच्या वेळी शिंगराचं थोडं रक्त घोडीच्या रक्तात मिसळतं. तिचं शरीर ती खूण परकी ठरवतं आणि तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं (अँटीबॉडीज) बनवून ठेवतं. पहिलं शिंगरू तोवर बाहेर आलेलं असतं, म्हणून वाचतं. पुढच्या गाभणपणात ही प्रतिद्रव्यं वारेतून आत जात नाहीत, त्यामुळे शिंगरू जन्मतं ते ठणठणीत. पण शेवटच्या काही आठवड्यांत ती कासेत साठतात. जन्मानंतर साधारण चोवीस तास शिंगराचं आतडं प्रतिद्रव्यं जशीच्या तशी रक्तात घेतं. ज्या चिकानं त्याला रोगापासून वाचवायचं, तोच चीक त्याच्या तांबड्या पेशी फोडतो. घोड्यांच्या शिंगरांत हे क्वचित घडतं, खेचरांत मात्र दहातल्या साधारण एकाला. म्हणूनच घोड्यांत आयुष्य घालवलेला जाणकारसुद्धा ‘चीक पाजा, लवकर पाजा, पोटभर पाजा’ एवढंच सांगतो. घोड्याच्या शिंगराला तो सल्ला सोळा आणे खरा. तुमचं शिंगरू घोड्याचं नाही.

लक्षणं बहुधा पहिल्या एक ते तीन दिवसांत दिसतात. शिंगरू जांभया देतं, लुचता लुचता थांबतं, झोपूनच राहतं. हिरडी आधी फिकट पडते, मग पिवळी. लघवी चहाच्या रंगाची किंवा लालसर. या वेळी त्याला उठवून चालवू नका, दम लागून तिथंच मरेल. अठ्ठेचाळीस तास झाले नसतील तर आईचं दूध ताबडतोब तोडा आणि पशुवैद्यकाला रक्त चढवायच्या तयारीनिशी बोलवा. चढवायच्या पेशी आईच्याच, पण धुऊन घेतलेल्या, किंवा दुसऱ्या घोड्याच्या. गाढवाचं वा खेचराचं रक्त चालत नाही, त्यावर तीच खूण असते आणि त्या पेशीही फुटतात.

ही वेळ येऊ न देणं मात्र हातात आहे. विण्याआधी दोन-चार आठवडे घोडीचं सिरम (पेशी काढून उरलेलं रक्ताचं पाणी) आणि त्या नराचं रक्त प्रयोगशाळेत जुळवून बघायला सांगा. ते जमलं नाही तर विण्याच्या वेळी करायची चाचणी आहे. शिंगरानं तोंड लावण्याआधी आईचा चीक थोडा काढा, शिंगराचं रक्त न गोठणाऱ्या नळीत घ्या. सलाइनमध्ये चीक दुप्पट-दुप्पट पातळ करत न्या: 1:2, 1:4, असं 1:64 पर्यंत. प्रत्येक नळीत मिलीभर, त्यात रक्ताचा एक थेंब, शिवाय नुसत्या सलाइनची एक नळी ताडून बघायला. सेंट्रिफ्यूजमध्ये दोन-तीन मिनिटं फिरवून नळ्या उलट्या करा. पेशी ओघळल्या तर ठीक. तळाशी गोळी घट्ट चिकटून राहिली तर तो चीक त्या शिंगराला घातक. घोड्याच्या शिंगराला 1:16 लाच थांबतात. खेचरासाठी 1:64 च्या नळीचा निकाल धरतात.

चाचणीत चीक घातक निघाला, किंवा चाचणी झालीच नाही आणि घोडीनं आधी खेचर दिलंय, तर शिंगराच्या तोंडाला मुसकं बांधा. बैलाला बांधतो तसंच, फक्त मऊ आणि नाकपुड्या मोकळ्या ठेवणारं. छत्तीस ते अठ्ठेचाळीस तास. शिंगरू आईजवळच राहू द्या, नाहीतर ती नंतर त्याला घेत नाही. दर दोन तासांनी तिची कास पिळून ते दूध फेकून द्या. शिंगराला पहिल्या दोन तासांतच दुसऱ्या घोडीचा चीक बाटलीनं सुरू करा, एका वेळी पाव लिटर, बारा तासांत मिळून दीड-दोन लिटर. त्यानंतर घोडीच्या दुधाची पावडर, थोडं थोडं आणि वारंवार. अठ्ठेचाळीस तासांनी आतड्याची ती वाट बंद झालेली असते, मग आईचंच दूध निर्धास्त पाजा. हे वाचताना घाबरला असाल तर सांगतो, मुसकं बांधलेली शिंगरं छान वाढतात. दोन रात्रींचं जागरण आहे, बस्स.

गाईचा खरवसाचा चीक निव्वळ नाइलाज म्हणून. त्याची प्रतिद्रव्यं शिंगराच्या रक्तात फार टिकत नाहीत.

पुढचं तुलनेनं सोपं आहे. खेचर नापीक असलं तरी नर खेचराचा माज खोटा नसतो, दीड वर्षाच्या आत खच्ची करा. गाढव खच्ची करताना रक्तवाहिनी बांधून घ्यायला आवर्जून सांगा, घोड्यापेक्षा रक्त जास्त जातं. गुंगीचं औषध खेचराला घोड्याच्या दीडपटीपर्यंत लागतं, हेही आधीच बोला. नाहीतर अर्धवट गुंगीत ते लाथ घालतं आणि वर ‘खेचर द्वाड’ म्हणून नाव होतं.

द्वाड, हट्टी, मठ्ठ हे शब्द गोठ्याबाहेर ठेवून या. घोडा घाबरला की पळतो, गाढव थिजतं, खेचर आधी थिजतं नि मग निर्णय घेतं. दाव्याला ताण द्या आणि त्यानं एक पाऊल, अगदी वजन जरी पुढं टाकलं तरी त्याच क्षणी ताण सोडा. ओढत राहिलात तर ते मागं बसायलाच शिकेल, आणि एकदा शिकलेलं खेचर विसरत नाही. रिकामं खोगीर तिसऱ्या वर्षी, ओझं चौथ्यानंतर. 1965 च्या केंद्रीय नियमांत खेचराला 200 किलो, गाढवाला 50 किलो ही कमाल मर्यादा आहे, दिवसाला एकूण नऊ तास, आणि 37 अंशांवर पारा गेला तर दुपारी बारा ते तीन बंद. वीटभट्टीवाला किंवा घाटातला ठेकेदार हे आकडे ऐकून हसतो. हसू द्या, पण जनावर भाड्यानं देताना कागदावर घ्या.

चाऱ्यात दोन गोष्टी खास जिवावर बेततात. मोनेन्सिन हे औषध घातलेलं कोंबडीचं किंवा गाईचं खाद्य, ज्यानं हृदय जातं. आणि हिरवी ज्वारी, ज्यानं मागचे पाय लुळे पडतात, लघवी सुटते. गाढवीण लठ्ठ आणि गाभण असून तिनं दिवसभर तोंड लावलं नाही, तर उद्याची वाट बघू नका. तिच्या रक्तात चरबी उतरते आणि यकृत जातं.

गाढविणीच्या दुधाच्या ‘हमखास खरेदी’च्या योजनांत पैसे घालू नका. कास लहान, दूध दिवसाला लिटर-दीड लिटर, तेही पिल्लू जवळ असेल तरच. योजनेच्या पत्रकात पिल्लाचा वाटा धरलेला नसतो.

घोडी विकत घेताना आधीची वेतं विचारा, आणि ‘एक शिंगरू दगावलं होतं, कावीळ झाली’ असं कुणी सहज बोलून गेलं तर तिथं थांबा. ती घोडी टाकाऊ नाही. घोड्याकडून फळवली तर तिचं शिंगरू बहुधा नीट येईल, आणि खेचरच हवं असेल तर मुसकं लागणार हे धरून भाव करा. फक्त तिचा चीक साठवणीत घेऊ नका. साठवायचा तो कधीच खेचर न व्यालेल्या घोडीचा, तिचं स्वतःचं शिंगरू प्यायल्यावर, एका सडातून पाव लिटरच. उणे 20 अंशांत तो वर्षभर टिकतो. वितळवताना कोमट पाणी, चुलीवर ठेवायचा नाही. बाटलीवर तारीख आणि घोडीचं नाव पक्क्या शाईनं लिहा; रात्री दोनला कुठली बाटली कुणाची ते कुणालाच आठवत नाही.