लेन्ससाठी पॅडेड केस निवडताना या चुका टाळा

कॅमेऱ्याच्या लेन्सची केस, म्हणजे ती ठेवायची फोमची पिशवी, बहुतेक वेळा लेन्स घेऊन झाल्यावर, उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या उत्साहात निवडली जाते. मग नजर कापडाच्या पोताकडे, खिशांच्या संख्येकडे आणि केसच्या एकूण रूपाकडे जाते. लेन्स हातातून सुटली तर ही केस किती धक्का शोषून घेईल, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. केस कामाची आहे की नाही, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: लेन्स आत नेमकी बसते का, आणि तळाचा फोम तिच्या वजनाला पुरतो का. बाकीच्या सोयी त्यानंतर पाहाव्यात.

माहितीपत्रकातील लांबीवर विसंबणे

उत्पादक लेन्सची जी लांबी छापतात ती माउंटच्या (कॅमेऱ्याला जोडायच्या भागाच्या) कडेपासून पुढच्या टोकापर्यंतची असते. पुढची आणि मागची कॅप, फिल्टर, उलटा बसवलेला हूड (आडवा प्रकाश अडवणारी पुढची कडा) किंवा ट्रायपॉड कॉलरचा (लेन्स तिपाईवर बसवायच्या कड्याचा) पाय यांपैकी काहीही त्यात धरलेले नसते. दोन्ही कॅप लावल्यावर लांबी दोन-अडीच सेंटीमीटरनेही वाढू शकते, आणि रुंद हूड उलटा बसवला की व्यासातही बरीच भर पडते. म्हणून लेन्स प्रत्यक्षात ज्या अवस्थेत ठेवली जाणार आहे, त्याच अवस्थेत ती टेबलावर उभी करून मोजावी. व्यासासाठी तिच्या दोन्ही बाजूंना दोन जाड पुस्तके उभी टेकवून त्यांच्यामधील अंतर पट्टीने मोजले, की कॉलरचा पाय धरूनही योग्य आकडा मिळतो.

‘७०-२०० साठीची केस’, म्हणजे ७० ते २०० मिलिमीटरच्या झूम लेन्सची, असे लिहिलेले असले तरी तेवढ्यावर भागत नाही. कॅननची ईएफ माउंटची ७०-२०० एफ/२.८ (तिसरी आवृत्ती) १९९ मिलिमीटर लांब असून तिचे वजन सुमारे १,४८० ग्रॅम आहे. याच कंपनीची आरएफ माउंटची पहिली ७०-२०० एफ/२.८ मिटलेल्या अवस्थेत १४६ मिलिमीटर लांब आणि कॉलर वगळता सुमारे १,०७० ग्रॅम वजनाची आहे. फोकल लेंग्थ (७०-२०० हा आकडा) तीच, प्रकाश आत घेणारे छिद्रही (एफ/२.८) तेच, पण एकीच्या मापाची केस दुसरीला पाच सेंटीमीटर मोठी होते. एस, एम, एल ही अक्षरे तर प्रत्येक उत्पादक आपापल्या हिशेबाने वापरतो. दिलेली मापे आतली आहेत की बाहेरची, हेही तपासून घ्यावे, कारण जाड फोमच्या केसमध्ये या दोन मापांत दोन-तीन सेंटीमीटरचे अंतर सहज पडते.

आतला व्यास लेन्सपेक्षा पाच ते दहा मिलिमीटरने आणि उंची एक ते दोन सेंटीमीटरने जास्त असली की पुरते. त्याहून मोठी केस ‘पुढे मोठी लेन्स घेतली तर उपयोगी पडेल’ म्हणून घेणे ही नेहमीची चूक आहे. सैल केसमध्ये लेन्स चालताना हलत राहते, आणि केस जमिनीवर आदळते तेव्हा लेन्स आतल्या आत दुसऱ्यांदा आदळते. मोठी केस आधीच घेतलेली असेल, तर मोकळ्या जागेत कापड कोंबू नये. बंद पेशींच्या (आतले बुडबुडे एकमेकांना न जोडलेल्या) फोमची गोल चकती कापून तळाशी घालावी.

घट्ट केसचा त्रास वेगळ्याच रूपात समोर येतो. लेन्स दाबून आत सरकवताना किंवा ओढून बाहेर काढताना तिच्या अंगावरचे स्विच सरकतात, आणि नंतर ऑटोफोकस किंवा स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरण्याची सोय) अचानक बंद पडल्यासारखे वाटते. अशा वेळी कॅमेऱ्याचा मेनू धुंडाळण्याआधी लेन्सवरचे स्विच पाहावेत. हे प्रत्येक वेळी घडत असेल तर दोष केसच्या मापात आहे.

कापडाच्या आकड्यालाच संरक्षण समजणे

केसच्या वर्णनात ‘६०० डी’ किंवा ‘१६८० डी’ असे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. हा डेनियर आहे, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. त्यावरून धाग्याच्या जाडीचा आणि कापड घासले जाण्याला किती टिकेल याचा अंदाज येतो. धक्क्याशी त्याचा संबंध जवळजवळ नाही. धक्का शोषतो तो फोम, आणि तोही दबला तरच.

येथे थोडा हिशेब करणे उपयोगाचे आहे. एक मीटर उंचीवरून पडलेली वस्तू सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने जमिनीला भिडते. तिला थांबायला ५ मिलिमीटर अंतर मिळाले तर तिच्यावर गुरुत्वाच्या सरासरी २०० पट बल येते. १० मिलिमीटर मिळाले तर ते १०० पटींवर येते. फोम पूर्ण जाडीइतका कधीच दबत नाही, त्यामुळे १० मिलिमीटरच्या थरातून कामाचे अंतर साधारण निम्मेच मिळते असे समजावे. तीन-चार मिलिमीटरच्या पातळ निओप्रिन (रबरी फोमच्या) पाउचमधून किती मिळेल, हे यावरून उघड आहे. असा पाउच मोठ्या पॅडेड बॅगेच्या आत लेन्स एकमेकींवर घासू नयेत म्हणून उत्तम आहे, पण त्यात लेन्स घालून पाउच नुसता हातात घेऊन फिरणे धोक्याचे आहे. लेन्सच्या खोक्यात मिळणारी मऊ, दोरीची पिशवी तर फक्त धुळीपासून वाचवते.

फोम जितका मऊ तितका चांगला, ही समजूतही टिकत नाही. सुमारे १६० ग्रॅमची छोटी ५० मिलिमीटर लेन्स ज्या फोमवर हळुवार थांबते, तोच फोम दीड किलोच्या टेलिफोटोखाली (दूरचे टिपणाऱ्या लेन्सखाली) क्षणात चपटा होतो आणि पुढचा सगळा धक्का थेट लेन्सला बसतो. उलट, जड लेन्ससाठी बनवलेला कडक फोम हलक्या लेन्सखाली दबतच नाही. दुकानात केसच्या तळाशी अंगठा ठेवून लेन्सच्या वजनाइतका जोर द्यावा. अंगठ्याला लगेच टेबल लागले तर तो फोम अपुरा आहे. जोराला थोडा दबून मग ठाम विरोध करणारा फोम हवा.

हा प्रयोग भिंतींवर नव्हे, तळावर आणि झाकणावर करावा, कारण बऱ्याच केसमध्ये हाताला लागणाऱ्या भिंती गुबगुबीत असतात आणि तळाशी मात्र कापडाचे दोन थर व पुठ्ठ्याची चकती एवढेच असते. उभी केस हातातून सुटली की ती बहुधा तळावर किंवा तळाच्या कडेवर पडते. कडेवरची शिवण जिथे फोमला चिमटून बसलेली असते, तो भाग सर्वांत दुबळा; तो बोटांनी चाचपून पाहावा.

चेन, वेल्क्रो आणि पट्टा

धातूची चेन असेल तर तिच्या आतल्या बाजूला कापडाची पट्टी असावी, नाहीतर लेन्स काढता-घालताना चेनचे दात बॅरलवर (लेन्सच्या बाहेरच्या नळीवर) ओरखडे पाडतात. वेल्क्रो लवकर उघडतो, पण तो कापडाचे तंतू धरून ठेवतो आणि शांत सभागृहात त्याचा आवाज नकोसा होतो. दोरीने आवळायच्या तोंडातून वाळू आत जाते.

कमरेच्या पट्ट्याला केस अडकवणार असाल, तर मागची पट्टी केवळ वेल्क्रोवर किंवा एका टिचबटणावर अवलंबून नसावी. ती दोन्ही टोकांना शिवलेली किंवा वेल्क्रो आणि बटण अशा दुहेरी बंदोबस्ताची असावी. एक किलोच्या पुढची लेन्स कमरेला लावून चालणे मला तरी पटत नाही, कारण प्रत्येक पावलागणिक केस मांडीवर आपटते. अशा लेन्सला खांद्याचा पट्टा किंवा पाठीवरची बॅगच बरी.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर भरवसा ठेवणे

आतून पॉलियुरेथेनचा थर दिलेले नायलॉन पाण्याचे शिंतोडे अडवते, पण शिवणीच्या प्रत्येक टाक्यापाशी भोक असते, आणि सततच्या पावसात पाणी तिथून व चेनमधून आत येते. पावसाचे वेगळे आवरण सोबत असेल तर ठीक. नसेल तर तोंड गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी बाहेरून वापरावी. आयपी ६७ मानांकनाची कडक पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. मात्र जी पेटी बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही ती आतला ओलावाही बाहेर जाऊ देत नाही, म्हणून ओली लेन्स पुसून पूर्ण वाळवल्याशिवाय तीत बंद करू नये.

वाहून नेण्याची केस साठवणीसाठी वापरणे

माझ्या मते या यादीतील सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे, कारण तिचा परिणाम काही महिन्यांनी दिसतो. फोम आणि अस्तर ओलावा धरून ठेवतात, केसमध्ये अंधार असतो, हवा खेळत नाही. बुरशीला याहून सोयीचे घर नाही. सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर अनेक दिवस राहिली की काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरू शकतात, आणि तिच्यातून स्रवणारी आम्ले काचेवरील लेप कायमचा खराब करतात. नंतर बुरशी पुसली गेली तरी तिचा ठसा राहतो. चामड्याच्या केस देखण्या असतात, पण चामडे स्वतःच बुरशीला अन्न पुरवते.

लेन्स दीर्घकाळ ठेवायची असेल तर तिला केसमधून काढून ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या कपाटात किंवा सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावे, आणि केस उघडी करून वेगळी ठेवावी. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी दाणे हिरवे पडले, की त्यांनी जेवढे पाणी घ्यायचे तेवढे घेतलेले असते. ते सूचनेप्रमाणे तापवून कोरडे केले नाहीत, तर डब्यात असून नसल्यासारखेच. उघड्या केसमध्ये त्यांची पुडी टाकून फारसे काही साधत नाही.

जुन्या केसबाबत आणखी एक पथ्य आहे. पॉलियुरेथेनचा फोम हवेतील ओलाव्यामुळे वर्षानुवर्षे विघटित होत जातो; तो प्रथम चिकट होतो, मग त्याचा भुगा पडू लागतो. बॅरलवर काळसर चिकट डाग दिसले किंवा मागच्या कॅपमध्ये बारीक कण सापडले, तर लेन्स पुसून पुन्हा त्याच केसमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. ती केस टाकून द्यावी.

केस घेतल्यानंतरच्या काही शंका

केस हलवली की लेन्समधून खुळखुळ आवाज येतो, म्हणून फोम कमी पडला असे लगेच समजू नये. फोकससाठी लिनियर (सरळ रेषेत सरकवणारी) मोटर असलेल्या अनेक लेन्समध्ये वीजपुरवठा नसताना फोकसचा काचगट मोकळा सरकतो, काहींत स्टॅबिलायझेशनचा गटही हलतो. लेन्स कॅमेऱ्याला लावून कॅमेरा सुरू केल्यावर आवाज थांबला तर काळजीचे कारण नाही.

थंड हवेतून उबदार खोलीत आल्यावर लेन्सवर दव जमत असेल, तर दोष केसचा नसून घाईचा आहे. चेन बंद ठेवूनच केस खोलीत राहू द्यावी. फोममुळे लेन्स हळूहळू तापते, आणि ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत केस उघडू नये. जड लेन्सला यासाठी एक तास किंवा अधिकही लागतो. नव्या केसला उग्र वास येत असेल, तर ती काही दिवस उघडी ठेवून वास गेल्यावरच लेन्स आत घालावी.

केससह लेन्स पडली, तर बाहेरून काही दिसत नाही म्हणून तपासणी टाळू नये. दूरच्या, बारीक तपशील असलेल्या सपाट दृश्याचे छायाचित्र ट्रायपॉडवरून, छिद्र पूर्ण उघडे ठेवून घ्यावे आणि चारही कोपरे मोठे करून एकमेकांशी ताडून पाहावेत. एकच कोपरा किंवा एकच बाजू स्पष्टपणे धूसर दिसत असेल, तर काचगट जागचा हलला असण्याची शक्यता असते आणि लेन्स दुरुस्ती केंद्रात न्यावी लागते. केसचा फोमही त्याच वेळी दाबून पाहावा; ज्या जागी तो खोलगट राहिला असेल आणि परत वर येत नसेल, त्या जागी पुढच्या धक्क्यासाठी त्यात काही उरलेले नसते.