घाटाच्या आधी सपाटीवर: हाफ मॅरेथॉनच्या नवख्यांसाठी

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं (२१ किलोमीटर) रजिस्ट्रेशन झालं रे झालं की ग्राउंडवर दरवर्षी तीच गंमत. काल पाच किलोमीटर पळणारं पोरगं आज रेसच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट चढून येतं, आणि पंधरवड्यात नडगी चोळत कट्ट्यावर बसतं. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडं आणि पोटरी-टाचेच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) तयार व्हायला महिने लागतात. म्हणून दम आहे तेवढं पळू नका, पाय पेलतील तेवढंच पळा.

दहा किलोमीटरला तुम्हाला तास लागत असेल, तर रोजचं पळणं किलोमीटरला सात ते साडेसात मिनिटांनी. घड्याळ नसलं तरी चालतं. पळता पळता सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. ‘सतरा पंचे पंच्याऐंशी’ म्हणताना मध्येच श्वास घ्यावा लागला, तर वेग उतरवा. बाजूने कुणी काकू चालत पुढे गेल्या तर जाऊ द्या. स्ट्राव्हा या पळण्याची नोंद ठेवणाऱ्या अॅपवर तो वेग बघून मित्र हसतील. माझ्या मते ते अॅप रेसपर्यंत बंदच ठेवावं.

आठवड्याला चार दिवस पुरतात. समजा आज एकूण पंचवीस किलोमीटर होतात: पाच, सहा, पाच आणि रविवारी नऊ. फक्त रविवारचं अंतर वाढवायचं, एका वेळी एक किलोमीटर. तीन आठवडे वाढवलं की चौथ्यात एकूण अठरावर या. या आठवड्यात पाय शिवशिवतात, पोरं हटकून जास्तीचं पळतात. तसं करू नका, शरीराची डागडुजी नेमकी तेव्हाच होते. लग्नकार्यात किंवा तापात आठवडा बुडाला तर तो भरून काढायचा नाही. ताप उतरला की पूर्वीच्या निम्म्यापासून सुरुवात.

वेगाचं काम आठवड्यातून एकदाच. सुरुवातीला हळू पळण्याच्या शेवटी वीस-वीस सेकंद जोरात पळण्याचे सहा तुकडे, मध्ये चालणं. दोनेक महिन्यांनी सलग पंधरा मिनिटं जरा जोरात, इतकंच.

आता घाट. चढाची भीती सगळ्यांना, पण पाय मोडतो उतार. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. म्हणून घाट एक रविवार सोडून, आणि पहिल्या खेपेला दोनच किलोमीटर वर जाऊन परत. चढावर घड्याळ बघायचं नाही, पाढा तुटला की सरळ चालायचं. उतरताना पावलं छोटी आणि भराभर; टाच पुढे रोवून ब्रेक लावू नका. पावसात कडेला शेवाळ असतं, तिथून पळू नका.

नडगी दुखली तर बोटाने दाबून बघा. दुखणं लांबवर पसरलेलं असेल आणि चार पावलांत सैल होत असेल, तर दोन दिवस विश्रांती घेऊन बघा. हाडावर एकाच जागी, बोटाच्या पेराएवढ्या भागात कळ येत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. पेनकिलर खाऊन रविवार उरकायचा नाही.

रेसच्या आधीचे दोन आठवडे अंतर कमी करत न्या, शेवटच्या आठवड्यात निम्म्यावर. घाट त्या दिवसांत अजिबात नको, आणि नवे बूट तर मुळीच नकोत.