नववीच्या वर्गाचे हस्तलिखित काढण्यापूर्वी

मागच्या वर्षी आमच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांनी वर्षभर वाचावे, लिहावे आणि जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात त्यांचे हस्तलिखित प्रकाशित व्हावे असे ठरले. ते काम माझ्याकडे आले, आणि माझ्या हातून अशी एक चूक झाली की वर्गातली सर्वांत चांगले लिहिणारी मुलगी लिहायचीच थांबली. आजीच्या पाटल्या सावकाराकडे गहाण पडल्या त्या दिवसाविषयी तिने दीड पान लिहिले होते. मला ते इतके आवडले की दुसऱ्याच दिवशी मी ते परिपाठात तिच्या नावासह साऱ्या शाळेला वाचून दाखवले. तिला विचारले नाही. मजकूर दुपारपर्यंत वाडीत पोहोचला आणि संध्याकाळी तिचे वडील शाळेत आले. ते रागावले नाहीत. घरातली गोष्ट चारचौघांत जायला नको होती, एवढेच म्हणाले. त्यानंतर तिने प्रश्नोत्तरांपलीकडे एक ओळही लिहिली नाही. यंदा जे शिक्षक हे काम हाती घेणार आहेत त्यांच्यासाठी ही यादी आहे. मुलाला विचारल्याशिवाय त्याचे लेखन कोणालाही दाखवायचे नाही, ही बाब तिच्यात वारंवार येईल आणि मुद्दाम येईल.

सुरुवात ऑगस्टमध्येच करावी. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, हा महाराष्ट्रात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो आणि बहुतेक शाळांना त्याच आठवड्यात वाचनाची आठवण होते. पण तेव्हा प्रथम सत्राची परीक्षा तोंडावर असते किंवा चालू असते, पाठोपाठ दिवाळीची सुटी लागते आणि त्या दिवशी वाटलेली पुस्तके नोव्हेंबरपर्यंत दप्तरात तशीच राहतात. वेळापत्रकात आठवड्याचा एक तास मुख्याध्यापकांच्या सहीने मिळवावा. गैरहजर शिक्षकाच्या बदली तासावर हा उपक्रम चालवू नये, कारण जे काम बदली तासाला होते त्याला मुले फावल्या वेळेचे समजतात.

त्यानंतर कपाट. किल्ली कोणाकडे असते आणि ती व्यक्ती रजेवर असताना कोणाकडे असते, हे आधी विचारून घ्यावे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच नियम पुस्तके वापरासाठी असतात असा आहे, आणि आपल्याकडे नेमका तोच मोडतो. त्यात ग्रंथपालांचा किंवा किल्ली सांभाळणाऱ्या शिक्षकांचा दोष असतो असे मला वाटत नाही. वार्षिक मोजदादीत दाखल नोंदवहीशी पुस्तके जुळली नाहीत तर जाब त्यांनाच द्यावा लागतो, म्हणून ते कपाट उघडायला कचरतात. यासाठी हरवलेल्या किंवा फाटलेल्या पुस्तकांचे काय करायचे, हे मुख्याध्यापकांकडून आधीच लेखी ठरवून घ्यावे आणि भरपाई मुलांवर लादू नये. एका पुस्तकासाठी दंड भरलेला मुलगा दुसरे पुस्तक नेत नाही. चाळीस मुलांच्या वर्गासाठी साठ-सत्तर तरी पुस्तके वर्गातच उघड्या फळीवर असावीत, म्हणजे शेवटी निवडणाऱ्यालाही निवड उरते. त्यांत पातळ पुस्तके पुष्कळ हवीत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. त्यांतल्या काही कथा छापून शिवून ठेवल्या तरी चालते. वाचून झाल्यावर सारांश मागू नये. पुस्तक अर्धवट टाकून दुसरे घेण्याची मुभा असावी, आणि त्या तासाला शिक्षकानेही उत्तरपत्रिका न तपासता वाचत बसावे. मुले ते पाहत असतात.

वह्या वेगळ्या, शंभर पानी, विषयाच्या वहीला न जोडलेल्या.

लेखनाचे विषय परीक्षेतले नसावेत. दहावीच्या 80 गुणांच्या मराठी प्रश्नपत्रिकेत उपयोजित लेखनाला 24 गुण आहेत, त्यामुळे पत्र, बातमी, जाहिरात, कथालेखन यांचे साचे मुलांना नववीतच तोंडपाठ होतात. ते साचे उपयोगाचे आहेत, पण त्यासाठी वर्षभर वेगळे तास असतातच. इथे ‘आमच्याकडे पाणी येते ती वेळ’, ‘घरातले सर्वांत जुने भांडे’, ‘मी खोटे बोललो तो दिवस’ असे विषय द्यावेत, म्हणजे प्रत्येकाकडे स्वतःचे काही असते. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन चालवू नये. ऱ्हस्व-दीर्घ तिसऱ्या खर्ड्यात पाहता येते. शेऱ्यात ‘छान’ लिहिण्यापेक्षा कोणते वाक्य लक्षात राहिले ते लिहावे.

असे विषय दिले की मुले खरे लिहितात, आणि खरे लिहिले की घर कागदावर येते. म्हणून पहिल्याच तासाला, एक शब्दही लिहून घेण्याआधी, परवानगीची पद्धत वर्गाला सांगावी. आम्ही यंदा पानाच्या कोपऱ्यात खूण करायला सांगतो: त्रिकोण म्हणजे हे फक्त बाईंनी वाचावे, वर्तुळ म्हणजे वर्गात वाचले तरी चालेल, चौकोन म्हणजे वर्गाबाहेरही चालेल. खूण नसेल तर तो त्रिकोणच समजावा. चौकोन असला तरी जागा बदलेल तेव्हा पुन्हा विचारावे, कारण वर्गात वाचणे, परिपाठात वाचणे, भित्तिपत्रकावर लावणे आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटात छायाचित्र टाकणे या मुलासाठी चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. सर्वांसमोर विचारू नये. चाळीस जणांसमोर मूल नाही म्हणू शकत नाही. नाव गाळले म्हणजे झाले असेही समजू नये, कारण लहान गावात पाटल्या कोणाच्या हे नावाशिवायही कळते. शिक्षक खोलीत मोठ्याने वाचून दाखवणे हेही दाखवणेच आहे. हस्तलिखितासाठी वळणदार अक्षराच्या मुलांकडून सुवाच्य प्रत करून घेतली जाते, तेव्हा लेखन दुसऱ्या मुलाच्या हातात जाते, म्हणून त्याआधीही विचारावे. ही शेवटची बाब माझ्या यंदा लक्षात आली, तीही प्रती करायला दिल्यानंतर. तीन मुलांची पाने मला परत मागून घ्यावी लागली.

याच्याच जोडीला एक इशारा आहे. ‘तुम्ही लिहिलेले मी कोणालाही सांगणार नाही’ असे सरसकट वचन देऊ नये. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाच्या 2012 च्या कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे शिक्षकाला बंधनकारक आहे. त्यामुळे ‘तुमच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मला मदत मागावी लागेल, पण आधी तुमच्याशी बोलेन’ असे त्याच पहिल्या तासाला सांगावे आणि 1098 हा क्रमांक वर्गात लावून ठेवावा.

पालक सभेत उपक्रमाची कल्पना द्यावी, पण वह्या पालकांना चाळायला देऊ नयेत. निवड समितीत दोन मुले असावीत. न निवडलेल्यांना कारण तोंडी सांगावे. कार्डशीट, जाड कागद, शाई दिवाळीपूर्वी आणाव्यात. मुखपृष्ठ, चित्रे वगैरे मुलांवर सोडावे.

प्रकाशनाच्या आदल्या आठवड्यात प्रत्येकाला त्याचे पक्के झालेले पान एकट्याने दाखवून शेवटचे विचारावे: हे जाऊ दे का? तोवर बांधणी करू नये. पाने टॅगमध्ये ओवून ठेवावीत, अनुक्रमणिका आणि पृष्ठक्रमांक पेन्सिलीने घालावेत, म्हणजे कोणी नको म्हटले तर पान काढून त्याच्या हातात देता येते.