रात्रपाळी अचानक गळ्यात पडली? या चुका टाळा

दुपारी बाराच्या सुमारास सुपरवायझरचा फोन येतो. "थर्ड शिफ्टचा माणूस आजारी पडलाय, आज रात्री तुम्ही या." नेहमी फर्स्ट शिफ्ट करणाऱ्याला ही एकच नाइट फार जड जाते. आठवडाभर नाइट असली की शरीर थोडंफार जुळवून घेतं. पण आतलं घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकतं, एका रात्रीत ते उलटं होत नाही. त्यामुळे ते फिरवायच्या नादाला लागूच नका. रात्रीच्या आधी थोडी झोप, नंतर थोडी झोप आणि मधली वाट सुखरूप, एवढंच साधायचं. चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला असताना मला हे कळायला बरीच वर्षं लागली.

पहिली चूक: दुपार वाया घालवणं

फोन आला की माणूस काय करतो? बँकेचं काम उरकतो, गॅसच्या मागे लागतो, मुलांना क्लासला सोडतो. सकाळी सहाला उठलेला हा माणूस रात्री बाराला कामावर उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता सुटतो. म्हणजे सलग पंचवीस तास जागा. सतरा तास जागं राहिल्यावरच हात आणि नजर मंदावतात. १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यावर जेवढी मंदावतात, जवळपास तेवढी. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे!

म्हणून फोन ठेवला की जेवा आणि दोनच्या सुमारास आडवे व्हा. दुपारी दोन ते चार शरीर आपणहून सुस्तावतं, तेव्हा डोळा लागणं सोपं. दीड तास मिळाला तरी पहाटे फरक जाणवतो. संध्याकाळी सात-आठला झोपू म्हणाल तर बहुतेकांना झोप येत नाही, कारण त्या वेळी शरीर सगळ्यात तरतरीत असतं. झोप नाहीच लागली तर चिडू नका. अंधारात डोळे मिटून पडून राहा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

चहाची वेळ चुकवणं

रात्रभर चहा घेणारे खूप. चहा वाईट नाही, वेळ महत्त्वाची. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. पहाटे पाचला घेतलेल्या कडक चहाचा निम्मा अंमल दहा वाजताही असतो, आणि तुम्ही आठला झोपायला बघताय. कामाच्या सुरुवातीला घ्या, दोनच्या सुट्टीत घ्या, तीननंतर बंद. पुढे गार पाणी तोंडावर मारा, चार पावलं चाला.

जेवणाचं थोडक्यात: आठलाच हलकं जेवून निघा. रात्री दोनला कॅन्टीनचा वडापाव आणि मिसळ खाल्ली की पहाटे जळजळते. भाकरी-भाजी, केळं, चिक्की बरी.

"मनाचा जोर असला की झालं"

हे मी खूप ऐकलं आहे, आणि ते खोटं आहे. शरीराचं आतलं घड्याळ पेशी-पेशींत चालतं. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. पहाटे तीन ते पाच अंगाचं तापमान उतरतं, आणि तेव्हा भलेभले डुलतात. नेमकी तीच वेळ अवघड कामाला लावू नका. प्रेस मशीनचा डाय म्हणजे साचा बदलणं, उंचावर चढणं, विजेचं पॅनेल उघडणं हे दोनच्या आत उरका किंवा दुसऱ्याला हाताशी घ्या.

सुट्टीत डुलकी घ्यायची परवानगी असेल तर वीस मिनिटांचा गजर लावा. चाळीस-पन्नास मिनिटं झोपलात तर गाढ झोपेतून उठता आणि डोकं बराच वेळ जड राहतं. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं प्रेसला हात लावू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक: सुटल्यावर बाइक काढणं

मीही ही चूक केली आहे. चाकणहून भोसरीला येताना मोशीच्या अलीकडे माझे डोळे मिटले, आणि दुभाजकाला गाडी घासल्यावर उघडले. मिटले हे मला कळलंच नव्हतं. ताशी साठच्या वेगाने तीन सेकंद डोळे मिटले तर गाडी पन्नास मीटर आपली आपणच जाते. सकाळी सातला त्या रस्त्यावर कंटेनरची रांग असते.

कंपनीची बस असेल तर बसनेच या. नसेल तर शेअर रिक्षा, नाहीतर घरच्या कोणाला बोलवा. बाइक तिथेच राहू दे, दुपारी नेता येते. काहीच सोय नसेल तर विश्रांतीच्या खोलीत अर्धा तास पडा, नीट जागे व्हा, मगच निघा. गारवा लागला की झोप उडते या भरवशावर राहू नका.

घरी आल्यावर

घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा: आठ ते बारा मला उठवायचं नाही. दूधवाला, कुरिअर, मिक्सर, शाळेची व्हॅन यातलं काहीही झोप मोडू शकतं. दारावर चिठ्ठी चिकटवा, फोन सायलेंट, खिडकीला जाड चादर. भोसरी-पिंपरी भागात राहणाऱ्यांनी बुधवारची नाइट असेल तर एक ध्यानात ठेवावं: गुरुवारी बऱ्याचदा दुरुस्तीसाठी वीज जाते, पंखा बंद पडतो. त्या दिवशी तळमजल्याची, गार खोली गाठा.

झोप यावी म्हणून दारू घेऊ नका. डोळा लवकर लागतो पण दोन तासांनी मोडतो. गोळीही मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका.

आणि दिवसभर झोपू नका. चार-साडेचार तास झाले की उठा, उन्हात जा, संध्याकाळी थोडं फिरा आणि रात्री दहाला अंथरुणावर पडा. चार वाजेपर्यंत ताणलंत तर रात्री कूस बदलत राहाल, आणि एका नाइटचे तीन दिवस होतील. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत फर्स्ट आहे का, हे शिफ्ट घेतानाच विचारा. असेल तर उशिरा येण्याची किंवा बदली सुट्टीची बोली आधीच करून घ्या.

ज्यांनी हो म्हणूच नये

फिट्स येणाऱ्या माणसाला एक जागरणही झटका आणू शकतं. बायपोलर म्हणजे मन टोकाचं वर-खाली होण्याचा आजार असणाऱ्याची एका रात्रीच्या जागरणाने पूर्ण घडी विस्कटू शकते. अर्धशिशीचा त्रास असेल, इन्शुलिन चालू असेल, तर जेवणाच्या आणि औषधाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. अशांनी डॉक्टरची चिठ्ठी आधीच घेऊन एचआरकडे द्यावी, फोन आल्यावर धावाधाव नको. आणि सुपरवायझरला एवढंच सांगा: "साहेब, नाइट मला औषधामुळे चालत नाही, चिठ्ठी ऑफिसात दिली आहे. रविवारी दिवसा मी येतो."